मनुबाईचं पान

सांगलीला विश्रामबागेत फादर इनास मच्याडोंचा सत्कार झाला, तेव्हा सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. साल अठ्ठ्याहत्तर, जानेवारीचा महिना. हळदीचे मोठे व्यापारी शांतिनाथअण्णा अध्यक्ष होते. त्यांनी फादरांना शाल घातली, नारळ दिला आणि म्हणाले, "धर्म वेगळा असला म्हणून काय झालं? हा माणूस आमच्या मातीचं दुःख आमच्याच भाषेत लिहितोय."

फादर मूळचे वसईचे. उंचीनं बेताचे, वय बेचाळीस, बोलणं मऊ. कडेगावच्या अलीकडं हिंगणवाडी म्हणून गाव आहे, तिथं ते दहा वर्षं मिशनचं काम बघत होते. एक लहान चर्च, त्याला लागून दोन सिस्टरांचा दवाखाना आणि मागं विहीर, एवढाच सगळा पसारा. ख्रिस्ती घरं मोजून सतरा. पण फादर मासिकांतून लिहायचे आणि त्यांचं नाव मिशनच्या कुंपणाबाहेर फार लांबवर गेलं होतं. बहात्तरच्या दुष्काळावरच्या त्यांच्या पुस्तकाला नुकतंच बक्षीस मिळालं होतं.

कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या प्रभावतीबाईंनी त्यातलं एक पान वाचून दाखवलं. पुस्तकात सगळ्यांना ठाऊक असलेलं पान तेच. सावित्री नावाची एक बाई. नवरा पलटणीत. ती तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडते. तीन वर्षांच्या मुलाला हगवण लागलेली, सरकारी लाल मिलो ज्वारी त्याच्या पोटात ठरत नाही. जनावरं छावणीत गेलेली, गावात दुधाचा थेंब नाही. तिच्या अंगावर चार महिन्यांची मुलगी आहे आणि अंगावरचं दूध आटत आलंय. दोघांना पुरणार नाही एवढं तिला कळतं.

"सावित्रीनं मोठ्याला पदराखाली घेतलं आणि तान्हीला गुळाचं पाणी पाजलं," प्रभावतीबाई वाचत होत्या. "नवव्या दिवशी तान्हीचं रडणं थांबलं. त्या शांततेत मला देवाचा आवाज ऐकू आला."

सभागृहात बायकांनी डोळ्यांना पदर लावले. फादरांनी मान खाली घातली होती, पण आतून ते फुलून आले होते. खोटं कशाला बोला, त्यांना फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात मागच्या बाजूला एक माणूस उभा राहिला. अंगात खाकी स्वेटर, ताठ पाठ, मिशा कातरलेल्या.

"फादर, एक इचारू का?"

"विचारा की."

"बाईंनी वाचलं ते खरं हाय, का रचल्यालं?"

लोक वळून बघू लागले. फादरांना हा प्रश्न नेहमीचाच होता, आणि त्याचं उत्तर द्यायला त्यांना आवडायचं. "शब्दन् शब्द खरा आहे," ते म्हणाले. "त्या बाईच्या तोंडून मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"हाय का ती अजून?"

"आहे. मुलगाही आहे, मोठा झालाय. घरात कुणाला हे माहीत नाही. एकटीच ओझं वाहतेय बिचारी."

टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर पुस्तकावर सही घ्यायला रांग लागली, त्यात तो माणूसही होता. त्यानं शिस्तीत पुस्तक पुढं केलं.

"कुणाचं नाव घालू?"

"सयाजी घाला. हवालदार सयाजी."

फादरांनी झोकदार अक्षरात लिहिलं, 'हवालदार सयाजी यांस, प्रभूचे प्रेम लाभो.' त्यानं पुस्तक काखेत धरलं, टाचा जुळवल्या आणि निघून गेला. फादरांनी त्याला आधी कधी बघितलेलं नव्हतं. तो हिंगणवाडीचाच, त्या पानातल्या बाईचा, मनुबाईचा नवरा. पंधरा वर्षांची नोकरी संपवून दिवाळीत पेन्शनवर आलेला. आपल्या गावच्या फादरांचा सत्कार आहे असं शाळेतल्या मास्तरांकडून कळलं, म्हणून कौतुकानं एसटीनं सांगलीला आला होता.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये मिशनला दूध पावडरीची लॉरी आली होती. चर्चच्या ओसरीत टेबल टाकून फादर नावं लिहीत होते. बायकांची रांग उन्हात उभी. मनुबाई पुढं आली. चोवीस-पंचवीस वर्षांची असेल, हातांना खडीनं घट्टे पडलेले.

"किती मुलं?"

"एक."

मुकादमानं दिलेल्या यादीत दोन होती. "इथं दोन लिहिलीत," फादर म्हणाले.

"कागदावर हायती," ती म्हणाली. "तीन दिस आदी गाडी आली असती, तर मी बी दोन म्हनली असती."

फादरांनी तिला बाजूला बसायला सांगितलं. रांग संपल्यावर ती आपण होऊन बोलायला लागली. रडली नाही. खडी किती फोडली ते सांगावं तसं एकेक सांगत गेली. दूध कुणाला पाजलं, गुळाचं पाणी कितीदा दिलं, कितव्या दिवशी पोरीनं तोंड उघडायचं सोडलं. गावाला तापानं गेली म्हणून सांगितलंय, पलटणीत नवऱ्यालाही तसंच कळवलंय.

"कुनाला सांगू नगासा, फादर."

"माझ्याजवळ बोललेलं माझ्याबरोबर मातीत जाईल," फादर म्हणाले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "देवानं तुम्हाला माफ केलंय, बाई."

तिनं डोकं बाजूला घेतलं. "मी कुटं माफी मागतीया? मला नुसतं कुनाला तरी सांगायचं व्हतं."

पावडरीचा डबा घेऊन ती गेली. त्या दिवशी फादर बराच वेळ वेदीपुढं बसून राहिले. सेमिनरीत नऊ वर्षं शिकलो, त्याचा अर्थ आज कळला, आपण खरे याजक आज झालो, असं त्यांना वाटलं. आणि ते खोटंही नव्हतं.

तीन वर्षं त्यांनी त्यावर एक अक्षर लिहिलं नाही. मग पुस्तकाचं ठरलं. प्रकाशकानं हस्तलिखित वाचून कळवलं, प्रार्थना छान आहेत, चिंतन छान आहे, पण दुष्काळ कुठं दिसत नाही. फादरांना ते लागलं, कारण ते त्यांनाही ठाऊक होतं. पहाटेच्या उपासनेनंतर, मिस्सेनंतर, ते गुडघ्यांवर बसले आणि देवाला विचारलं, लिहू का? आतून 'लिही' असं आलं. ते आतलं 'लिही' देवाचं होतं की त्यांचं स्वतःचं, हे त्यांनी तपासलं नाही. बाई हिंदू, तिनं काही गुपित राखावं लागतं तसं पापनिवेदन केलेलं नव्हतं, ओसरीवरचं बोलणं ते. शिवाय नाव बदलायचं, गाव बदलायचं. तिचं दुःख हजारोंना देवाजवळ नेईल. अशी सगळी कारणं त्यांना भराभर सापडली. एका बैठकीत पान उतरलं. लिहून झाल्यावर त्यांना रडू आलं, आणि रडू आलं म्हणजे लिहिणं खरं झालं, असं ते धरून चालले.

नाव बदललं, गाव बदललं. पण तलावाचं काम, पलटणीतला नवरा, हगवण लागलेला तीन वर्षांचा मुलगा आणि गुळाचं पाणी तसंच राहिलं. ते काढलं असतं तर पानात काही उरलं नसतं.

सत्काराला दहा-बारा दिवस झाले. भामाबाई मिशनचा स्वयंपाक करायची, राहायला गावात मनुबाईच्याच आळीत. एका सकाळी तिनं फादरांपुढं चहाची कपबशी आदळली.

"काय झालं, भामाबाई?"

"काय लिवून ठिवलंय तुमी त्या मनुबाईवर?"

"कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? समदी आळी ऐकतीया. त्यो सयाजी रोज सकाळी च्या झाला की कट्ट्यावर घोंगडं हातरतो. पोराला बसवतो, पुस्तक देतो हातात. म्होरं तिला बसवतो. आन पोरगं वाचतंय. रोज त्येच पान. ती उटाया लागली की म्हनतो, बस, लेकराचं वाचन चाललंय."

"पोराला, लालासाहेबाला, वाचायला लावतो?"

"व्हय. तिसरीत हाय, वाचाया पक्कं. त्याला काय ठावं कोन सावित्री? शाळंचा धडा वाचल्यावानी घडाघडा वाचतंय. चुकलं की बाप म्हनतो, पुन्यांदा."

"तो तिला मारतो का?"

"मारलं असतं तर बरं झालं असतं," भामाबाई म्हणाली आणि चुलीकडं गेली.

फादर त्याच दिवशी सांगलीला गेले. तिथं फादर बोनिफास म्हणून सत्तरीचे एक वृद्ध धर्मगुरू होते, त्यांच्यापाशी फादर इनास पापनिवेदन करायचे. जाळीच्या अलीकडं गुडघे टेकून त्यांनी सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं मधे एकच प्रश्न विचारला.

"तिनं तुला हे पापनिवेदनात सांगितलं होतं?"

"नाही. ती ख्रिस्ती नाही."

"मग पापनिवेदनाचं गुपित तू मोडलेलं नाहीस. चर्चच्या कायद्यानं तुझ्यावर काही येत नाही."

फादर इनासांनी श्वास सोडला. तो पलीकडं ऐकू गेला असावा.

"सुटल्यासारखं वाटलं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"हो, फादर."

"तेवढंच ऐकायला तू आला होतास. आता तिच्या दारात जा. आणि जाताना तुझे सुंदर शब्द इथं ठेवून जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी फादर मनुबाईच्या घरी गेले. अंगात पांढरा झगा, पायात वहाणा. कट्ट्यावर भामाबाईनं सांगितलं होतं तसंच सगळं मांडलेलं होतं. लालासाहेब खाकी चड्डी घालून मांडी घालून बसला होता, मांडीवर पुस्तक. समोर भिंतीला टेकून मनुबाई. पाच वर्षांत ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. शेजारच्या ओट्यांवर दोघीचौघी बायका धान्य निवडण्याच्या निमित्तानं बसलेल्या.

सयाजी लगबगीनं उठला. "या या, फादर. रामराम. आज आमच्या घरला पाय लागलं. आगं, पानी आन."

मनुबाईनं पाणी आणून ठेवलं आणि परत जागेवर जाऊन बसली. तिनं फादरांकडं बघितलंसुद्धा नाही.

"सयाजीराव, मला तुमच्याशी बोलायचंय," फादर म्हणाले. "एकट्याशी."

"एकट्याशी कशापायी? तुमी समद्या मुलखाशी बोललाय. आमी काय, अडानी मानसं." त्याच्या आवाजात चीड नव्हती. "मी हात लावल्याला न्हाई हां तिला. इचारा. पलटनीत शिकलोय मी. अंगावर वळ दिसंल असं काय करायचंच न्हाई." मग तो मुलाकडं वळला. "लाला, पुस्तक दे फादरांस्नी. आज लिवनारा आलाय. त्येंच्या तोंडनं ऐकू."

मुलानं पुस्तक पुढं केलं. त्या पानावर ते आपोआप उघडत होतं, इतकं चोळामोळा झालेलं. फादरांनी ते घेतलं, मिटलं आणि मांडीवर ठेवलं.

आयुष्यात जाणूनबुजून खोटं न बोललेला माणूस तो. पण त्या क्षणी त्यांच्या मनात दुसरं काही आलंच नाही.

"हे खरं नाही, सयाजीराव. हे मी रचलंय."

"काय म्हनता?"

"सावित्री म्हणून कुणी बाई नाही. अशी बाई मला कधी भेटली नाही. दुष्काळावर लिहायचं म्हणून मी बनवून लिहिलं."

"सांगलीत चारशे मानसांम्होरं शब्दन् शब्द खरा म्हनलासा."

"खोटं बोललो. कौतुकाच्या हावेनं बोललो. तुमची मुलगी तापानं गेली. त्या साली किती मुलं तशी गेली, आमच्या दवाखान्यात नोंद आहे." हेही खोटंच होतं. "तुमच्या बायकोवर नाहक आळ आलाय, तो माझ्यामुळं आलाय. मला काय करायचं ते करा."

सयाजीचा चेहरा एकाएकी सैल पडला. हा माणूस रोज सकाळी बायकोला सोलत होता, पण आत्ता त्याला आपली पोर तापानं गेलेली हवी होती. फादरांना ते स्पष्ट दिसलं. खोटं लागू पडत होतं. त्यांनी मनातल्या मनात देवाचे आभारसुद्धा मानले.

"मनू," सयाजी म्हणाला, "फादर म्हनत्यात रचल्यालं हाय. तू का बोलली न्हाईस इतकं दिस? सांग, तापानं गेली नव्हं?"

मनुबाईनं मान वर केली. तिनं 'व्हय' म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम होतं. शेजारच्या बायकांची सुपं थांबली होती.

"न्हाई," ती म्हणाली. "भुकंनं गेली. माज्या अंगावर दूध व्हतं घोटभर. त्ये मी ह्या लालाला पाजलं. तिला न्हाई पाजलं."

"मनुबाई!" फादर ओरडलेच.

"तुमी गप ऱ्हावा." ती आता फादरांकडं बघत होती. "आदी माजं दुनियाभर केलंसा. आता पोरगी बी खोटी कराया आलासा? ती व्हती. चार म्हैनं व्हती. नऊ दिस रडली. तुमाला देव ऐकू आला म्हनं ती गप झाल्यावर. मला तिचंच रडनं येत व्हतं ऐकू. गप झाल्यावर बी."

त्याहून वाईट पुढं झालं. मुलगा आईच्या तोंडाकडं टक लावून बघत होता. इतके दिवस तो सावित्रीचा धडा वाचत होता. मोठा कोण, तान्ही कोण, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता आईनं त्याचं नाव घेतलं होतं.

"आये," तो म्हणाला, "मी प्यालो व्हय?"

पोरगं उठलं, गोठ्यामागं गेलं आणि तिथं त्याला ओकारी झाली. सकाळची भाकरी सगळी पडली. मनुबाई त्याच्यामागं धावली. तिनं पाठीवर हात ठेवला तसा त्यानं तो झटकला आणि तो बापाकडं पळाला.

सयाजीनं मुलाला जवळ घेतलं. "आता जावा, फादर," तो म्हणाला. "तुमचं काम झालं."

आठवडाभरात सयाजीनं लालासाहेबाला साताऱ्याला बोर्डिंगात घातलं. मग बायकोचं गाठोडं बांधून उंबऱ्याबाहेर ठेवलं. ती औंधाला भावाकडं, कोंडीबाकडं गेली. मिशनच्या दवाखान्यात काम देतो, असा निरोप फादरांनी सिस्टरांच्या हातून धाडला. तिकडून उत्तर आलं नाही. मुलगा सुट्टीला हिंगणवाडीला यायचा, पण औंधाला कधी गेला नाही. नेऊ का म्हणून एकदा भामाबाईनं विचारलं, तर नको म्हणाला.

फादरांनी प्रकाशकाला लिहिलं, दुसऱ्या आवृत्तीतून ते पान काढा. परतटपालानं उत्तर आलं, लोक त्या पानासाठीच पुस्तक घेतात, छपाईचे फॉर्म छापून झालेत. पुण्याला जाऊन त्यांनी बिशपांना सगळं सांगितलं आणि मला आणखी लिहू देऊ नका म्हणून विनंती केली. बिशपांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. लेखणी हे देवाचं दान आहे, अशा परीक्षा येतातच, म्हणाले.

फादरांनी आपण होऊन लिहिणं थांबवलं. पण एका सकाळी मिस्सा चालली असताना, भाकर दोन्ही हातांनी वर धरलेली असताना, त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या मनात वाक्यं जुळताहेत. कट्टा, घोंगडं, बायकांची थांबलेली सुपं. पोरगं गोठ्यामागं ओकलं, ते वाक्य तर तयारच झालं होतं. आणि चांगलं झालं होतं. त्यांनी भाकर मध्येच खाली ठेवली. सतरा घरांतल्या माणसांना वाटलं, फादरांना ताप आहे.

एकोणऐंशीच्या पौषात ते औंधाला गेले. कोंडीबाचं घर यमाईच्या डोंगराखालच्या वस्तीवर होतं. मनुबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. फादरांना बघून ती उठली नाही, पण त्यांना हाकललंही नाही. ते समोर जमिनीवरच बसले.

"मी माफी मागायला आलोय, बाई."

ती शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "मला वाचाया येत न्हाई. पुस्तकात माजं नाव काय ठिवलंय?"

"सावित्री."

"आन पोरीचं?"

"नाव दिलं नाही. नुसतं तान्ही म्हटलंय."

तिनं मान हलवली. मूठभर दाणे सुपात पडले.

"तिचं नाव काय होतं?" फादरांनी विचारलं.

"सा वर्सं झाली, फादर. आज इचारलंसा."

"चुकलंच माझं. आता सांगा. रोज मिस्सेत तिचं नाव घेऊन प्रार्थना करीन."

"न्हाई सांगायची."

"का?"

"लिवशिला."

"नाही लिहिणार. लिहिणं सोडलंय मी."

तिनं हातातली शेंग तशीच धरली आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत नीट बघितलं. राग नव्हता तिच्या बघण्यात. बाजारात जनावर बघतात तसं निरखून बघितलं.

"लिवशिला, फादर," ती म्हणाली.

शपथ घेतो असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण तिचं ते बघणं मनात वाक्य होऊन बसलेलं त्यांना कळलं आणि त्यांनी तोंड मिटलं. आतून कोंडीबाची बायको चहा घेऊन आली. नको म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून फादरांनी तो घेतला. चहा संपेस्तोवर मनुबाई सूप उचलून आत निघून गेली होती.